ओकॅमल ५ चे इफेक्ट हँडलर: जिनिंगच्या वजनकाट्यावर चालवून बघितल्यानंतरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, बाकीचं पुराण नंतर, म्हणजे घाईतले लोक इथूनच सुटतील. ओकॅमल या प्रोग्रामिंग भाषेच्या ५ व्या आवृत्तीतले इफेक्ट हँडलर, म्हणजे चालू फंक्शन मध्येच थांबवून नंतर तिथूनच पुढे चालवायची सोय, हा माल चांगला आहे, पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापला तो टाइप सिस्टिम या बाबतीत तोंड शिवून बसते म्हणून. तुमचा प्रोग्राम जर दिवसभर कशाची ना कशाची वाट बघत बसणारा असेल, म्हणजे पोर्टवरून आकडा येईल, प्रिंटर मोकळा होईल, नेट परत येईल, माणूस बटण दाबेल वगैरे, तर घ्या. एक फाइल वाचून दुसरी फाइल लिहिणारा सरळमार्गी प्रोग्राम असेल तर तुम्हाला याचा काडीचा उपयोग नाही, उगाच नवीन खेळणं म्हणून आणू नका.

आता मी हे कुठे लावलं ते सांगतो, कारण त्याशिवाय रिव्ह्यूला काही अर्थ नाही, नुसते फॅक्टोरियलचे नमुने दाखवणारे लेख ढिगाने पडलेत. आमच्या जळगाव जिल्ह्यात जामनेर, बोदवड, धरणगाव या पट्ट्यात जिनिंग भरपूर. दिवाळीच्या आगेमागे कापूस सुरू झाला की काट्यावर ट्रक, आयशर, ट्रॅक्टर-ट्रॉली, छोटा हत्ती सगळ्यांची रांग. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं, गाडी आत जाते, कापूस खाली होतो, गाडी रिकामी होऊन परत काट्यावर येते, दुसरं वजन, वजाबाकी, पावती. ऐकायला सोपं आहे पण दोन वजनांच्या मध्ये कधी अर्धा तास जातो, कधी दुपार जाते, कधी ड्रायव्हर आत गाडी लावून जेवायला निघून जातो, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या गाड्या येतच राहतात. म्हणजे काट्याच्या कॉम्प्युटरला एका वेळी वीस-पंचवीस अर्धवट राहिलेली कामं सांभाळायची असतात. शिवाय वजनाचा इंडिकेटर आरएस-२३२ या सिरियल पोर्टवरून सतत आकडे फेकत असतो, गाडी हलत असते तोवर आकडा नाचतो, तो स्थिर झाला की मगच घ्यायचा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, तो स्वतःच्या लहरीने चालतो. शेतकऱ्याला एसएमएस जायला पाहिजे, पण नेट असेल तेव्हा.

प्रोग्रामरला मनातून काय लिहावंसं वाटतं? भरलेलं वजन घे, नोंद कर, गाडी परत येईपर्यंत थांब, रिकामं वजन घे, वजा कर, पावती छाप. सहा ओळी, बस. पण आपण लिहितो काय? टेबलमध्ये एक स्टेटस कॉलम, त्यात १, २, ३, ४, आणि मग जागोजागी जर स्टेटस २ असेल तर हे, ३ असेल तर ते. मी बघितलेल्या काट्याच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हीच खिचडी आहे. सहा ओळींचं काम दहा फायलींत पसरतं आणि नवीन पोराला ते समजवायला बसलं की आपणच मध्ये अडकतो, की अरे हा ३ नक्की कुठे लागतो.

इथे कंटिन्युएशन नावाची कल्पना कामाला येते. तिचं म्हणणं असं की बाबा, «थांब» या ओळीवर प्रोग्राम आला की पुढे काय उरलंय? तीन ओळी आणि त्यांना लागणारे व्हेरिएबल, म्हणजे गाडी नंबर, भरलेलं वजन, शेतकऱ्याचं नाव. हे «उरलेलं काम» जर मला एका व्हॅल्यूसारखं हातात मिळालं तर मी ते हॅश टेबलमध्ये एमएच १९ अमुक तमुक या नंबराखाली ठेवून देतो आणि दुसऱ्या गाडीकडे वळतो. ती गाडी परत आली, ऑपरेटरने नंबर टाकला, टेबलमधून ते काम काढलं, त्याला आकडा दिला आणि म्हटलं चल पुढे. सहा ओळींचं फंक्शन जिथे थांबलं होतं तिथूनच चालू, त्याला पत्ताही नाही की मध्ये दुपार गेली.

ओकॅमल ५ मध्ये हे नेमकं असंच होतं. फंक्शन परफॉर्म म्हणून एक इफेक्ट टाकतं, समजा «परतीची वाट», वर कुठेतरी बसलेला हँडलर तो इफेक्ट आणि सोबत कंटिन्युएशन दोन्ही पकडतो, आणि मग कंटिन्यू म्हणून त्याला कधी चालू करायचं ते हँडलर ठरवतो. एक्सेप्शन माहीत असेल तर निम्मं काम झालं, फरक इतकाच की एक्सेप्शन टाकलं की तिथला संसार मोडला, इथे मात्र उत्तर घेऊन परत येता येतं. आणि काम रद्दच करायचं असेल, गाडी माल न देताच निघून गेली असं पण होतं, तर डिसकंटिन्यू करून त्याच जागी एक्सेप्शन टाकता येतं, म्हणजे उघडलेल्या गोष्टी नीट बंद होतात.

ही कल्पना काय आजची नाही. लँडिनने १९६५ मध्ये «जे» (J) नावाचा ऑपरेटर आणला, रेनॉल्ड्सने १९७२ मध्ये इंटरप्रिटर लिहायच्या निमित्ताने यावर लिहिलं, मग १९७५ पासून स्कीम आली आणि तिच्या कॉल-सीसी या कंटिन्युएशन पकडणाऱ्या फंक्शनने पिढ्यानपिढ्या विद्यार्थ्यांची झोप उडवली. कॉल-सीसीची अडचण अशी की ते प्रोग्रामच्या शेवटापर्यंतचं सगळंच उचलतं, तुम्हाला फक्त एका गाडीचं काम बाजूला ठेवायचं असतं आणि ते अख्खं जिनिंग उचलून देतं. म्हणून १९८८ मध्ये फेलायझन आणि १९९० मध्ये डॅन्व्ही आणि फिलिन्स्की यांनी हद्द आखलेलं कंटिन्युएशन मांडलं, इथून इथपर्यंतचंच दे असं. इफेक्ट हँडलर म्हणजे त्याच हद्दवाल्या कंटिन्युएशनला नीट हँडल बसवलेलं, ते प्लॉटकिन आणि प्रेटनार यांचं २००९ चं काम. ओकॅमलमध्ये हे आलं डिसेंबर २०२२ मध्ये ५.० सोबत, आणि यात आयआयटी मद्रासच्या के. सी. शिवरामकृष्णन यांचा मोठा वाटा आहे, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे कोण जाणे.

मला जास्त मजा आली ती आतलं इंजिन बघताना, जरा थांबून सांगतो. कंटिन्युएशन द्यायचं म्हणजे चालू स्टॅकचा, म्हणजे कुठलं फंक्शन कुठे पोचलंय याचा हिशोब ठेवणाऱ्या मेमरीचा, तुकडा बाजूला काढून ठेवायचा, मग त्याचे प्रकार. एक, अख्खा प्रोग्रामच कंपायलरने असा फिरवायचा की प्रत्येक फंक्शनला «पुढचं काम» हे एक जास्तीचं आर्ग्युमेंट म्हणून मिळेल, त्याला सीपीएस म्हणतात. मग स्टॅक लागतच नाही पण सगळं हीपवर, म्हणजे बाकीच्या मोकळ्या मेमरीत जातं, डीबगर आंधळा होतो आणि सी भाषेतल्या कोडसोबत जमत नाही. दुसरं, स्टॅक कॉपी करायचा, जाताना एकदा आणि येताना एकदा. तिसरं, स्टॅकच लहान लहान तुकड्यांत ठेवायचा. ओकॅमलवाल्यांनी तिसरं घेतलं. प्रत्येक हँडलर लावला की एक नवीन फायबर तयार होतं, हे हीपवरचं छोटंसं स्टॅक, जागा कमी पडली की मोठ्या जागेत हलवलं जातं. फायबर एकमेकांना साखळीसारखे जोडलेले. इफेक्ट टाकला की साखळी फक्त तिथून सुटते, सुटलेला तुकडा म्हणजेच तुमचं कंटिन्युएशन. कॉपी नाही, काही नाही, पॉइंटर इकडचा तिकडे. परत चालू करताना पॉइंटर जोडला की झालं. म्हणून हे इतकं स्वस्त पडतं.

फुकट मात्र नाही. स्टॅक लहान आहे म्हटल्यावर प्रत्येक फंक्शन सुरू होताना जागा आहे का हे तपासावं लागतं. लहानसहान फंक्शनना ही तपासणी लागू नये म्हणून शेवटी थोडी राखीव जागा ठेवतात. सी ला तर या लहान स्टॅकवर पाय ठेवू देणं शक्यच नाही, म्हणून सी चं फंक्शन बोलावलं की सिस्टिमच्या मोठ्या स्टॅकवर उडी मारायची आणि परत यायचं. एवढं सगळं करून, जे प्रोग्राम इफेक्ट वापरतच नाहीत ते सरासरी १ टक्काच हळू झाले असा आकडा त्यांच्या २०२१ च्या शोधनिबंधात आहे. एक टक्का म्हणजे काहीच नाही भो, आमच्या काट्याच्या जुन्या डबड्यावर सुद्धा तो कुणाला जाणवायचा नाही. डीबगरमध्ये बॅकट्रेस, म्हणजे एरर कुठल्या फंक्शनमधून कुठे आली ती यादी, नीट दिसतो ही दुसरी मोठी गोष्ट, रात्री फोनवरून एरर वाचून घेताना हीच कामाला येते.

आता जुन्याशी तुलना. आधी ओकॅमलमध्ये थांबणारं काम एलडब्ल्यूटी नावाच्या लायब्ररीने करायचे, म्हणजे मोनाड, प्रत्येक थांबणारं फंक्शन एक वचन परत देणार आणि ती वचनं बाइंडने एकामागून एक जोडायची. चालतं, वर्षानुवर्षं लोकांनी चालवलं, मी पण चालवलं. पण तळाशी एक फंक्शन थांबणारं झालं की त्याला बोलावणारं बदला, त्याला बोलावणारं बदला, रंगपंचमीला घरातून एक जण रंगून आला की बाकीच्यांची सुटका नसते तसं. साधं लिस्टवर फिरायचं तर नेहमीचं लिस्ट-इटर चालणार नाही, एलडब्ल्यूटीचं वेगळं घ्या. ट्राय-विथ चालणार नाही, त्याचं वेगळं घ्या. बॅकट्रेस मधूनच गायब. जावास्क्रिप्टच्या असिंक-अवेटमध्ये हाच त्रास आहे, फक्त वेष्टन गोड आहे. इफेक्टमध्ये साध्या लिस्ट-इटरच्या आत परफॉर्म करा, मधल्या फंक्शनला कळतही नाही. मी एलडब्ल्यूटीवरचा जुना कोड इकडे आणला तेव्हा ओळी कमी झाल्या हे तर झालंच, पण वाचताना वरून खाली वाचता येतं याचं सुख जास्त. ज्यांना हँडलर स्वतः लिहायचे नाहीत त्यांनी ईआयओ लायब्ररी घ्या, ती आतून हेच इफेक्ट वापरते, लिनक्सवर आयओ-युरिंग या वाचण्या-लिहिण्याच्या वेगवान सोयीवर चालते, आणि तुम्हाला सरळ वाच, लिही, थांब असंच लिहायला मिळतं.

एक गैरसमज मात्र लगेच काढून टाका. इफेक्ट आले म्हणजे थांबणारी प्रत्येक गोष्ट आपोआप बाजूला बसत नाही. सिरियल पोर्टवर साधं युनिक्स-रीड मारलं आणि इंडिकेटर गप्प असला तर अख्खा प्रोग्राम तिथेच गार. वाचण्यासारखं काही आलंय का हे आधी विचारायचं, नसेल तर इफेक्ट टाकून बाजूला व्हायचं, हे कुणीतरी लिहावंच लागतं, तुम्ही लिहा नाहीतर ईआयओने लिहिलेलं घ्या.

टेस्टिंग. माझ्या मते हा माल घ्यायचं खरं कारण हे आहे, कॉन्करन्सी, म्हणजे अनेक कामं एका वेळी सांभाळणं वगैरे दुय्यम. वजन घे, छाप, एसएमएस पाठव, वेळ काय झाली, आजचा भाव काय, हे सगळे मी इफेक्ट केले. सहा ओळींच्या फंक्शनला इंडिकेटर कुठला, प्रिंटर कुठला काही माहीत नाही. काट्यावर खरा हँडलर, घरी लॅपटॉपवर खोटा हँडलर. खोट्या हँडलरमध्ये मी आधी नाचणारे आकडे देतो, ४२१०, ४१९०, ४२३०, मग स्थिर ४२००, मग प्रिंटरचा कागद संपला असं उत्तर देतो, मग गाडी परत येते तेव्हा वजन भरलेल्यापेक्षा जास्त देतो, बघू काय करतं. उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीमध्ये काट्याच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसून टेस्ट करण्यापेक्षा हे घरात पंख्याखाली बसून होतं, आणि शेठजींची गाडी अडवावी लागत नाही. हेच इंटरफेस आणि मॉक ऑब्जेक्ट वापरूनही होतं हो, मान्य, पण तिथे तो ऑब्जेक्ट प्रत्येक फंक्शनच्या हातातून पुढे द्यावा लागतो. इथे तो वरती एकदा लावला की झालं.

आता लाईट जाण्याचा विषय, खान्देशात कुठलंही सॉफ्टवेअर इथेच पास किंवा नापास होतं. सहा ओळींचं फंक्शन «थांब» वर उभं आहे, त्याचं कंटिन्युएशन हॅश टेबलमध्ये आहे, हॅश टेबल रॅममध्ये आहे, आणि लाईट गेली, यूपीएसने पण मान टाकली. संपलं. वीस गाड्या आत, एकाचंही भरलेलं वजन शिल्लक नाही. तुम्ही म्हणाल कंटिन्युएशन ही व्हॅल्यू आहे ना, मग डिस्कवर लिहून ठेव. नाही ठेवता येत. ओकॅमलच्या मार्शलला, म्हणजे व्हॅल्यू फाइलमध्ये लिहिण्याजोगी करून देणाऱ्या मॉड्यूलला, कंटिन्युएशन दिलं तर तो सरळ एक्सेप्शन टाकतो. बरोबरच आहे, त्या स्टॅकच्या तुकड्यात मशीनचे पत्ते आहेत, उद्या प्रोग्राम परत चालू झाल्यावर त्यांना काही अर्थ नाही.

पण उपाय पण इफेक्टमध्येच सापडतो आणि इथे मला या डिझाइनचं खरं कौतुक वाटलं. फंक्शनने बाहेरच्या जगाला विचारलेला प्रत्येक प्रश्न हा इफेक्ट आहे, बरोबर? मग हँडलरने प्रत्येक उत्तर फंक्शनला द्यायच्या आधी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये लिहायचं, ही झाली आमची वही. भरलेलं वजन: ४२००. वेळ: ११:४०. नोंद: झाली. लाईट आली की प्रत्येक अर्धवट गाडीसाठी ते फंक्शन पहिल्या ओळीपासून परत चालवायचं, पण या वेळी दुसरा हँडलर लावायचा, जो खऱ्या काट्याला न विचारता वहीतली जुनी उत्तरंच देतो. फंक्शन धडाधड त्याच वाटेने चालत येतं आणि वही जिथे संपते तिथे, म्हणजे बरोबर «थांब» वर, येऊन उभं राहतं, नवीन कंटिन्युएशन टेबलमध्ये जातं. इथून पुढे खरा हँडलर. स्टेटस कॉलम नाही, १-२-३-४ नाही. फंक्शनला दोन ओळींचाही बदल नाही.

यात अटी आहेत. फंक्शनने घड्याळ थेट बघितलं, किंवा भाव थेट कुठल्या फाइलमधून वाचला, तर दुसऱ्या वेळी उत्तर वेगळं येणार, सकाळचा भाव दुपारी राहतो असं थोडंच आहे, आणि मग वही आणि फंक्शन यांची फारकत. म्हणून जे बदलू शकतं ते सगळं इफेक्टमधूनच आलं पाहिजे. दुसरं, पावती छापली आणि «छापली» हे लिहायच्या आत लाईट गेली तर परत पावती छापली जाणार, हे कुणालाच टाळता येत नाही, फक्त दोन्ही पावत्यांवर नंबर एकच राहील एवढं बघायचं. तिसरं, फंक्शनमध्ये मध्येच एक नवीन ओळ घातली तर जुनी वही जुळत नाही, म्हणून अपडेट रात्री करायचं, काट्यावर एकही गाडी अर्धवट नसताना.

आता तक्रारी, स्टार कापला त्याचा हिशोब.

पहिली आणि मोठी, टाइप. ओकॅमलमध्ये आपण येतोच कशाला, तर कंपायलर आपल्या चुका आधी सांगतो म्हणून. मॅचमध्ये एक केस राहिली तरी वॉर्निंग देतो. पण फंक्शन कुठले इफेक्ट टाकतं हे त्याच्या टाइपमध्ये कुठेच दिसत नाही. एसएमएसचा हँडलर लावायचा राहिला तर कंपायलर हूं की चूं करणार नाही, चालताना त्या ओळीवर पोचल्यावर अनहँडल्ड नावाचं एक्सेप्शन येईल. आणि एसएमएसची ओळ अगदी शेवटी असेल तर ते कळणार कधी, तर गाडी परत आल्यावर. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या दान लायेन यांची कोका भाषा आहे, तिथे इफेक्ट टाइपमध्येच लिहिलेले असतात, हँडल केलं नाही तर कंपाइलच होत नाही. ओकॅमलवाल्यांची अडचण समजते, लाखो ओळींचा जुना कोड मोडायचा नव्हता, तरी मन खट्टू होतंच. मी तोडगा असा काढला की सगळे इफेक्ट एकाच मॉड्यूलमध्ये, आणि त्याच मॉड्यूलमध्ये सगळ्यांना पकडणारा एकच हँडलर, दुसरीकडे कुठेही इफेक्ट जाहीर करायचा नाही असा नियम. नियम माणसाने पाळायचा आहे, कंपायलर पाळून घेत नाही.

दुसरी, कंटिन्युएशन एकदाच वापरता येतं. दुसऱ्यांदा कंटिन्यू केलं की एक्सेप्शन. ही तक्रार म्हणू की सोय, माझं मलाच ठरत नाही. काट्यासाठी हेच पाहिजे, ऑपरेटरने घाईत एंटर दोनदा दाबला तर एका गाडीच्या दोन पावत्या निघायला नकोत. आणि एकदाच वापरायचं ठरलं म्हणून तर कॉपी करावी लागत नाही, सगळा वेग तिथून येतो. पण तुम्हाला अनेक शक्यता एकाच जागेवरून परत परत चालवून बघायच्या असतील, टाइमटेबल लावणं, कोडी सोडवणं, तर हा माल तुमचा नाही, स्कीम किंवा कोका बघा.

तिसरी, हाती घेतलेलं कंटिन्युएशन तुम्ही चालूच केलं नाही तर रनटाइम काही बोलत नाही. मेमरी गार्बेज कलेक्टर उचलून नेईल, पण त्या फंक्शनमध्ये उघडलेली फाइल, घेतलेलं लॉक, त्यांचं शेवटचं आवरणं कधी चालणारच नाही. रात्री काटा बंद करताना टेबलमध्ये उरलेल्या प्रत्येकाला डिसकंटिन्यू करायचं, हे आपल्यालाच लक्षात ठेवावं लागतं.

चौथी जरा खोल आहे. एसक्यूलाइटच्या बाइंडिंगमध्ये क्वेरी चालवताना कॉलबॅक देता येतो, प्रत्येक रांगेसाठी तुमचं फंक्शन बोलावलं जातं. त्या फंक्शनच्या आत इफेक्ट टाकला तर बाहेरच्या हँडलरपर्यंत तो पोचत नाही, अनहँडल्ड. कारण मध्ये सी ची फ्रेम आहे, ती सिस्टिमच्या स्टॅकवर आहे, आणि ओकॅमलला ती उचलून बाजूला ठेवता येत नाही. उपाय सोपा, क्वेरी तयार करून स्टेप स्टेपने रांगा स्वतः ओढायच्या, मग मध्ये सी उरत नाही. पण हे पहिल्यांदा समोर आलं की माणूस चक्रावतो, कारण हँडलर तर डोळ्यासमोर लावलेला दिसत असतो.

बाकी किरकोळ. ३२ बिटवर ५ चा नेटिव्ह कंपायलर नाही, फक्त बाइटकोड, म्हणजे रास्पबेरी पाय घेणार असाल तर ६४ बिटची सिस्टिम टाका. स्टॅकची डिफॉल्ट मर्यादा आता १ जीबी आहे, २ जीबी रॅमच्या काट्यावरच्या मशीनमध्ये चुकीचा रिकर्शन आधी मशीनला लोळवेल मग एरर देईल, ती मर्यादा सेटिंगमधून कमी करा. विंडोजवर ईआयओ अजून लिनक्सइतकं पक्कं नाही, आणि काट्यावर बहुतेक ठिकाणी विंडोजच असतं. शेठजींना लिनक्स बसवायला तयार करणं हे कंटिन्युएशन समजवण्यापेक्षा अवघड गेलं. शेवटी डेस्कटॉपवर बटण एकच ठेवलं, मग हाव, म्हणजे हो, म्हणाले.

दुसऱ्या दुकानांत काय मिळतं तेही सांगतो. जावा २१ मध्ये, म्हणजे सप्टेंबर २०२३ पासून, व्हर्च्युअल थ्रेड आलेत, त्यांच्या आत कंटिन्युएशनच आहे पण ते आतल्या आत ठेवलंय, तुम्हाला फक्त थ्रेड मिळतो. नुसती गर्दी सांभाळायची असेल आणि टीम जावावाली असेल तर तेच घ्या, इतकं लांब यायची गरज नाही. पण वरचा वही आणि रिप्लेचा खेळ तिथे असा सहज होत नाही. हॅस्केल भाषेच्या जीएचसी कंपायलरच्या ९.६ मध्ये २०२३ ला हद्दवालं कंटिन्युएशन रनटाइममध्येच आलं, ज्यांना हॅस्केल येतं त्यांना मी काय सांगणार. ब्राउझरसाठी ओकॅमलचा कोड जावास्क्रिप्टमध्ये नेता येतो आणि तिथे इफेक्टही चालतात, पण ब्राउझर आपल्याला स्टॅकला हात लावू देत नाही म्हणून तिथे ते मघाचं सीपीएस करावं लागतं, आणि तेवढा कोड हळू पडतो. ज्या फंक्शनना गरज नाही त्यांना ते वगळतात ही हुशारी, तरी पण.

माणसं मिळण्याचा प्रश्न खरा आहे. जळगाव-धुळ्यात ओकॅमलवाला शोधून सापडणार नाही, पुण्याला पण मुश्किलच. पण माझ्यासोबत जे पोरगं काम करतं, इथल्याच कॉलेजचं, जावा शिकून आलेलं, त्याला मी मोनाड समजवायला बसलो होतो तेव्हा ते नुसतं मान हलवायचं. इफेक्टवालं फंक्शन मात्र त्याने एकट्याने वाचलं आणि विचारलं, भाऊ, ट्रॉली आत सोडून नुसता ट्रॅक्टर परत आला तर? प्रश्न धंद्याचा होता, भाषेचा नाही. मग आम्ही त्यात एक ओळ घातली, रिकाम्या वजनाच्या आधी ट्रॉली सोबत आहे का ते ऑपरेटरला विचारणारी, तो पण एक इफेक्टच.

घेणार असाल तर ५.३ किंवा त्याच्या पुढचंच घ्या, त्याच्या खालचं नको. ५.० मध्ये इफेक्टला स्वतःची सिंटॅक्स नव्हती, हँडलर म्हणजे तीन फंक्शनांचं एक रेकॉर्ड, त्यात टाइपची अशी काही चिन्हं टाकावी लागायची की नवीन माणूस तिथूनच परत जायचा. जानेवारी २०२५ च्या ५.३ पासून साध्या मॅचमध्येच इफेक्ट म्हणून केस लिहिता येते, आणि नेटवरचे बरेचसे जुने धडे अजून त्या रेकॉर्डवालेच आहेत तेव्हा ते बघून घाबरू नका. सुरुवात डीप हँडलरने करा, तो कंटिन्यू केल्यावरही लागलेलाच राहतो; एकदाच पकडून सुटणाऱ्या शॅलोच्या वाटेला जायची वेळ माझ्यावर तरी आली नाही. ओपॅम, म्हणजे ओकॅमलचा पॅकेज मॅनेजर, टाकताना सगळं ओढून कंपाइल व्हायला वेळ लागतो, डेटा पण बराच खातो, म्हणून घरूनच सेटअप करून बायनरी पेनड्राइव्हवर न्या, काट्यावरच्या हॉटस्पॉटच्या भरवशावर राहू नका.